रिपोर्ट उशिरा, फॉरवर्ड आधी : साथीच्या तयारीची खान्देशी गोष्ट

एसटीत रेंज जाते म्हणून अर्धा भाग निसटतो, अशी तुमची नेहमीची तक्रार. म्हणून हा भाग लिहून देतोय. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बरं का' थोडे कमी केलेत, बाकी तसंच.

विषय आहे साथीची तयारी. तयारी म्हटलं की मास्क, सॅनिटायझर, बांबू लावून बंद केलेल्या गल्ल्या आठवतात. मी सॉफ्टवेअरवाला, मला त्यात आधी माहितीचा प्रवास दिसतो. कोणाला काय कळलं आणि किती वेळाने कळलं.

जळगावात कोरोनाचा पहिला रुग्ण मार्च २०२० च्या शेवटी सापडला. तेव्हा स्वॅब घ्यायचे जळगावात, भुसावळात, अमळनेरात, आणि तपासणी मात्र बाहेरगावी. आधी पुणे, मग धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. जळगाव ते धुळे सुमारे ९० किलोमीटर, गाडी दोन-तीन तासांत पोचते. म्हणजे अंतर ही खरी अडचण नव्हतीच. धुळ्याच्या लॅबवर धुळे, जळगाव, नंदुरबार अशा अख्ख्या खान्देशाचा भार होता. अडचण रांगेची होती.

रांगेचं गणित फसवं असतं. समजा एक लॅब दिवसाला २०० नमुने तपासते आणि रोज ३०० येतात. शंभरच जास्त, वाटतं निभावून नेऊ. पण दहा दिवसांनी १००० नमुने पडून राहतात आणि आज दिलेल्या नमुन्याचा नंबर पाच दिवसांनी लागतो. सर्व्हर हँग होतो तोही असाच. एकदम नाही, रोज थोडा थोडा.

आता याला साथीचा वेग जोडा. रुग्ण पाच दिवसांत दुप्पट होत असतील आणि रिपोर्टही पाच दिवसांनी येत असेल, तर कागदावर १०० दिसतात तेव्हा गावात २०० असतात. आपण आज बघतो तो आकडा म्हणजे पाच दिवसांपूर्वीचा फोटो. आणि तोवर ज्याचा रिपोर्ट यायचाय तो माणूस दोन खोल्यांच्या घरात सात जणांबरोबर जेवतोय, झोपतोय.

त्या मे-जूनमध्ये जळगावचा मृत्युदर देशाच्या सरासरीच्या काही पट होता, टीव्हीवर रोज नाव यायचं. हा दर म्हणजे साधा भागाकार : वर मृत्यू, खाली सापडलेले रुग्ण. तपासण्या कमी झाल्या की खालचा आकडा लहान राहतो आणि दर फुगतो. पण सगळं खापर भागाकारावर फोडता येत नाही. लोक दवाखान्यात फार उशिरा पोचत होते, हे खरंच होतं. ते का, याचं एक उत्तर त्याच जूनमध्ये मिळालं.

जळगावच्या शासकीय रुग्णालयात दाखल असलेल्या ८२ वर्षांच्या एक कोरोनाग्रस्त आजी २ जूनपासून बेपत्ता होत्या. घरचे शोधत होते, पोलिसांत तक्रार झाली. १० जूनला त्यांचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या शौचालयात सापडला. आठ दिवस. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले, चौकशी झाली. माझ्या डोक्यात मात्र एकच प्रश्न राहिला : रजिस्टरमधली नावं आणि खाटांवरची माणसं रोज सकाळ-संध्याकाळ जुळवून बघायचं काम कोणाचं होतं? त्याला ना मोठं मशीन लागतं ना ॲप. एक माणूस, एक यादी आणि वॉर्डात फिरायची ठरलेली वेळ लागते. साथीच्या गर्दीत हीच कामं पहिली गळतात, म्हणून ती आधीच कोणाच्या तरी नावावर लिहिलेली असावी लागतात.

या बातमीनंतर 'सिव्हिलला नेऊ नका' असं म्हणणाऱ्या घरांना वेडं कसं म्हणायचं, सांगा. भीतीला खरा आधार मिळाला की अफवेला फार कष्ट पडत नाहीत.

अफवांचा विषय निघालाच आहे, तर धुळे जिल्ह्याला तो आधीपासून माहीत आहे. साक्री तालुक्यातलं राईनपाडा. १ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत होते. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या अफवा सुटल्यावर, पाच किंवा जास्त वेळा पुढे गेलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जाईल असं केलं. दुहेरी बाण दिसतो ना, तोच.

हा बाण काय सांगतो ते नीट समजून घ्या. मेसेज खरा की खोटा हे व्हॉट्सॲपला कळत नाही, मजकूर त्यांना वाचताच येत नाही. मेसेजबरोबर फक्त एक मोजणी प्रवास करते : किती हात बदलले. आणि कोणी तोच मजकूर कॉपी करून पेस्ट केला की मोजणी पुन्हा शून्यावर येते. त्यामुळे 'बाण नाही, म्हणजे काकांनी स्वतः लिहिलंय' हा समज चुकीचा आहे, भो. २०२१ मध्ये 'लस घेतलेला माणूस दोन वर्षांत मरतो' हा मेसेज घरोघरी पोचला होता. दोन वर्षं कधीच उलटली.

आता जरा बरी गोष्ट. नंदुरबार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं. तिथे २०२० मध्ये जिल्हाधिकारी होते डॉ. राजेंद्र भारुड, साक्री तालुक्यातल्या सामोडे गावचे, स्वतः एमबीबीएस. पहिली लाट ओसरत असताना, सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनी हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा पहिला प्लांट बसवला. पुढे आणखी बसवले. एप्रिल २०२१ मध्ये देशभर सिलेंडरसाठी पळापळ चालली होती, तेव्हा नंदुरबारात शेजारच्या राज्यांतले रुग्णही येत होते.

हे प्लांट चालतात कसे? हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. दाबाखाली हवा झिओलाइट नावाच्या दाण्यांमधून सोडली की दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि नव्वद टक्क्यांच्या वर ऑक्सिजन बाहेर येतो. दाब काढला की दाणे नायट्रोजन सोडून देतात, पुन्हा तेच चक्र. मिनिटाला ६०० लिटरचा प्लांट म्हणजे मिनिटाला १० लिटर लागणारे ६० रुग्ण. दिवसाचे ८ लाख ६४ हजार लिटर, म्हणजे सुमारे १२३ जंबो सिलेंडर, आणि टँकरची वाट बघणं नाही. वीज मात्र लागते, म्हणून जनरेटर नसलेला प्लांट आपल्याकडे शोभेचा.

खर्चाची वेळ बघा. रुग्ण कमी होत होते, तेव्हा पैसे घातले. त्या वेळी ते कोणालाही उधळपट्टी वाटलं असतं. तयारीचं दुखणंच हे, कामाला येईपर्यंत ती फालतू दिसते.

घरी काय करायचं? ऑक्सिमीटर असेल तर त्याचे सेल काढून ठेवा, आत राहिले की गळतात. नेलपॉलिश लावलेल्या किंवा गार पडलेल्या बोटावर आकडा चुकतो. श्वसनाच्या साथीत सहा मिनिटं घरातच चालून पुन्हा मोजायचं, साठीपुढच्यांनी तीन मिनिटं. आकडा ९३ च्या खाली गेला, तीनपेक्षा जास्तने घसरला किंवा दम लागला, तर दवाखाना. १०८ वर रुग्णवाहिका, १०४ वर आरोग्याचा सल्ला. आणि साथीची वाट कशाला बघायची, आपल्याकडे दर मे महिन्यात भुसावळचं ऊन आहेच. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. ऊन लागून माणूस बरळायला लागला, तर मात्र त्याला काही पाजत बसू नका, सावलीत नेऊन अंग ओलं करा आणि १०८ ला फोन करा.

एका श्रोत्याचा प्रश्न होता, घरी एक सिलेंडर घेऊन ठेवू का? जंबो सिलेंडरमध्ये साधारण ७००० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला १० लिटर म्हणजे तासाला ६००. बारा तासांच्या आत संपला. त्यापेक्षा जवळच्या सरकारी रुग्णालयातला प्लांट शेवटचा कधी चालवून पाहिला ते विचारा. २७ डिसेंबर २०२२ ला देशभर अशी मॉक ड्रिल झाली होती. बंद पडून राहिलेल्या प्लांटमधले दाणे ओल धरतात आणि मग ऑक्सिजनची शुद्धता घसरते.