संस्कृती आणि पर्यटन : एका मंत्रिपदाची कहाणी

अर्थमंत्री काय करतात, हे आपण जाणतो. संरक्षणमंत्र्यांच्या कामाचीही आपणांस थोडीबहुत कल्पना असते. परंतु संस्कृतिमंत्री काय करतात, असा प्रश्न कोणी विचारला, तर आपण क्षणभर गोंधळून जातो. संस्कृती ही काही खजिन्यात मोजून ठेवावयाची वस्तू नव्हे. आणि प्रवास करावयास मंत्र्याची अनुज्ञा कशाला हवी? आम्हांसही प्रथम असेच वाटले होते. म्हणून या मंत्रिपदाचा थोडा मागोवा घ्यावा, असा या लेखाचा हेतू आहे.

कलांना आश्रय देणे हे पूर्वी राजेलोकांचे काम होते. अजिंठ्याची सुंदर लेणी वाकाटकांच्या काळात कोरली गेली, आणि विजयनगरच्या राजांनी हंपीस मंदिरांचे वैभव आणले. राजे गेले, पण त्यांनी मागे ठेवलेले दगड राहिले. ते सांभाळावयाचे कोणी? या प्रश्नातूनच आजच्या मंत्रिपदाचा उगम झाला आहे.

हिंदुस्थानात १८६१ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या नेतृत्वाखाली पुरातत्त्व सर्वेक्षणास आरंभ झाला. लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत, १९०४ साली, प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा झाला. पुढे आपल्या राज्यघटनेने तर हे रक्षण राज्यसंस्थेचे कर्तव्यच ठरविले. अनुच्छेद ४९ मध्ये तसे स्पष्ट म्हटले आहे. संसदेने ज्यांना राष्ट्रीय महत्त्वाची ठरविले, ती स्मारके केंद्राकडे राहिली. उरलेल्यांचा भार राज्यांवर आला.

स्वातंत्र्यानंतर आरंभी संस्कृतीसाठी निराळा मंत्री नव्हता. हे काम शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांच्याकडे होते. त्यांच्याच काळात १९५३ साली संगीत नाटक अकादमी आणि १९५४ साली साहित्य अकादमी व ललित कला अकादमी या संस्था सुरू झाल्या. यांत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या संस्थांना पैसा शासनाने द्यावा, परंतु कोणते पुस्तक श्रेष्ठ आणि कोणता गायक थोर, हे मात्र मंत्र्याने ठरवू नये, अशी व्यवस्था त्या वेळी करण्यात आली. कलेस आश्रय हवा, पण अंकुश नको, हे त्यामागील तत्त्व होय. फ्रान्समध्ये १९५९ साली सांस्कृतिक व्यवहारांचे स्वतंत्र मंत्रालय निघाले, आणि आंद्रे मालरो या नामांकित कादंबरीकाराकडे ते सोपविण्यात आले. त्याच सुमारास आपल्याकडेही, १९५८ साली, वैज्ञानिक संशोधन व सांस्कृतिक व्यवहार असे खाते निर्माण होऊन हुमायून कबीर त्याचे मंत्री झाले.

पर्यटनाचा ओघ मात्र निराळ्याच दिशेने वाहत आला. १९४५ साली सर जॉन सार्जंट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली व परदेशी प्रवाशांस येथे कसे आणता येईल, याचा विचार सुरू झाला. पर्यटनाचे काम परिवहन मंत्रालयाच्या आश्रयाने वाढले. १९५८ साली त्याचा स्वतंत्र विभाग झाला. १९६६ साली पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले. १९६७ साली पर्यटन व नागरी विमान वाहतूक असे मंत्रालय होऊन डॉ. करणसिंह त्याचे मंत्री झाले. म्हणजे संस्कृती शिक्षणाच्या घरी वाढली आणि पर्यटन वाहतुकीच्या घरी! एकीचे लक्ष जतनाकडे, तर दुसऱ्याचे प्रवासी, उपाहारगृहे व परकीय चलन यांच्याकडे.

१९८५ साली मनुष्यबळ विकास मंत्रालय स्थापन झाले व त्यात संस्कृती विभागाचा समावेश करण्यात आला. पी. व्ही. नरसिंह राव हे या मंत्रालयाचे पहिले मंत्री. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेणारे ते गृहस्थ हेच, ही गोष्ट आपणां मराठी वाचकांस मुद्दाम सांगावीशी वाटते. अखेर २००१ साली जगमोहन यांच्याकडे पर्यटन आणि संस्कृती ही दोन्ही कामे एकत्र आली. ‘अतुल्य भारत’ ही सुप्रसिद्ध प्रचारमोहीम २००२ सालची. पुढे ही मंत्रालये पुन्हा वेगळी झाली. तथापि दोन्हींची सूत्रे अनेकदा एकाच व्यक्तीकडे राहिली. २००६ ते २००९ या काळात अंबिका सोनी आणि २०२१ ते २०२४ या काळात जी. किशन रेड्डी यांनी हा दुहेरी भार वाहिला.

हा भार दुहेरी का, ते दोन उदाहरणांवरून कळेल. अजिंठ्याची चित्रे पाहावयास लोक यावेत, असे पर्यटनमंत्र्यास वाटणारच. परंतु माणसांच्या श्वासातील ओलावा आणि दिव्यांची उष्णता हीच त्या चित्रांची वैरी आहेत. यावर उपाय म्हणून प्रवाशांची वाहने लेण्यांपासून सुमारे चार किलोमीटरांवर थांबविण्यात आली, आणि पुढचा प्रवास ठरावीक बसगाड्यांनी व्हावा, अशी योजना झाली. येथे दोन्ही कर्तव्यांचा मेळ बसला.

हंपीचे प्रकरण याहून बिकट होते. १९८६ साली हंपीची गणना जागतिक वारशात झाली. पुढे तेथे तुंगभद्रेवर पूल बांधावयास घेतले गेले. नदीपलीकडच्या गावकऱ्यांना पुलाची गरज होती, यात संशय नाही; वारशाच्या अभिमानावर कोणाची नदी पार होत नाही. परंतु पुलामुळे त्या प्राचीन परिसरास धोका पोहोचतो, असे ठरून १९९९ साली हंपीचे नाव ‘संकटग्रस्त’ यादीत घातले गेले आणि २००६ साली ते काढण्यात आले. तेथील अपुरा राहिलेला पूल २००९ साली बांधकाम चालू असतानाच कोसळला व त्यात मजुरांचे प्राण गेले. दगडांचे रक्षण आणि जिवंत माणसांची सोय यांत निवड करण्याची वेळ आली म्हणजे मंत्र्याचे काम किती अवघड होते, हे यावरून दिसून येते.

कायदाही या अडचणीतून सुटलेला नाही. २०१० च्या दुरुस्तीनुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकापासून १०० मीटरांपर्यंत नवे बांधकाम करण्यास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगी घ्यावी लागते. ज्याचे घर त्या १०० मीटरांत असेल, त्यास वाढत्या कुटुंबासाठी एक खोली काढावयाची झाली तरी हा कायदा आड येतो. राष्ट्राच्या ठेव्यासाठी तो गृहस्थ काही सोसत असतो, याची जाणीव आपण ठेविली पाहिजे.

मग संस्कृती आणि पर्यटन यांचा मंत्री एकच असावा की दोन? आमच्या मते संख्येपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे. आधी जतन, मग प्रदर्शन. जे टिकले नाही, ते दाखविणार तरी काय?

शेवटी एक गोष्ट आपणां विद्यार्थ्यांविषयी. १९७६ साली घटनेत मूलभूत कर्तव्यांचा समावेश झाला. आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन करणे हे त्यांपैकी एक होय. शाळेच्या सहलीत आपण एखाद्या किल्ल्यावर किंवा लेण्यात जातो, तेव्हा आपण प्रवासीही असतो आणि वारसही असतो. भिंतीवर खिळ्याने आपले नाव कोरणाऱ्या हातास त्या क्षणी कोणताही मंत्री अडवू शकत नाही. तो हात आपला आपणच आवरावयाचा असतो. तेवढ्यापुरते का होईना, ते मंत्रिपद आपल्याकडेच असते.