सागरी कवकरोधी संयुगे

सागरी कवकरोधी संयुगे : समुद्रातील स्पंज, समुद्रकाकड्या, शैवले, कंचुकयुक्त प्राणी व सूक्ष्मजीव यांच्यापासून मिळणारी आणि कवकांची (बुरशींची) वाढ रोखणारी किंवा त्यांचा नाश करणारी संयुगे. यांपैकी बरेच जीव एका जागी चिकटून राहणारे वा मंदगती असल्याने त्यांना रासायनिक संरक्षणावर विसंबावे लागते. उदा., लोबोफोरा व्हेरिएगाटा या पिंगल (तपकिरी) शैवलातील लोबोफोरोलाइड हे संयुग सागरी वनस्पतींवर वाढणाऱ्या कवकांना अत्यल्प प्रमाणातही रोखते, असे २००३ मध्ये दाखविण्यात आले.

महत्त्व : जीवाणुनाशक औषधांच्या मानाने कवकरोधी औषधे फार थोडी आहेत. जीवाणूंची घडण मानवी कोशिकेहून अगदी भिन्न असते. कवकाची कोशिका मात्र प्राण्यांच्या कोशिकेप्रमाणेच केंद्रकयुक्त असून दोहोंतील बरीच प्रथिने सारखी असतात. त्यामुळे कवकाला मारक ठरणारे द्रव्य पुष्कळदा रोग्यालाही अपायकारक ठरते. दोन फरक मात्र उपयोगी पडतात : कवकाच्या कोशिकापटलात कोलेस्टेरॉलाऐवजी एर्गोस्टेरॉल असते आणि पटलाबाहेर ग्लुकान व कायटीन यांची भित्ती असते. ॲझोल गटातील औषधे एर्गोस्टेरॉलाची निर्मिती थांबवितात, ॲम्फोटेरिसीन बी त्या स्टेरॉलाशीच बद्ध होते, तर एकिनोकँडिने ग्लुकानाची निर्मिती रोखतात. या औषधांना दाद न देणारी कवके आता आढळू लागली आहेत. २००९ मध्ये जपानमध्ये प्रथम वर्णन केलेले कँडिडा ऑरिस हे त्यांतील ठळक उदाहरण होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये तातडीच्या संशोधनासाठी १९ रोगकारक कवकांची यादी प्रसिद्ध केली. २०२१ मध्ये महाराष्ट्रासह भारतात म्यूकरमायकोसिसाची (‘काळ्या बुरशी’ची) साथ आली, तेव्हा ॲम्फोटेरिसीन बी या एकाच औषधावर मुख्य भिस्त होती व त्याचा तुटवडा पडला. वृक्कांना अपाय होण्याचा धोका या औषधात असतो.

पटलावरील क्रिया : समुद्रकाकडीच्या शरीरातील ट्रायटर्पीन ग्लायकोसाइडे पटलातील स्टेरॉलांशी बद्ध होऊन तेथे छिद्रे पाडतात. त्यांतून कोशिकेतील आयने व इतर द्रव्ये बाहेर झिरपतात आणि कवक मरते. या गटातील होलोटॉक्सिनाचे कवकरोधी गुणधर्म १९६९ मध्ये जपानमध्ये नोंदविले गेले. समुद्रकाकडीच्या स्वतःच्या पटलातील स्टेरॉलांची घडण वेगळी असल्याने तिला या विषाची बाधा होत नाही. मानवी तांबड्या कोशिकांतील कोलेस्टेरॉलाशी मात्र या वर्गातील संयुगे बद्ध होतात व त्या कोशिका फुटतात. म्हणून ती रक्तात देता येत नाहीत.

भित्तीवरील क्रिया : थिओनेला या स्पंजापासून १९८९ मध्ये जपानी संशोधकांनी थिओनेलामाइड एफ हे पेप्टाइड अलग केले. या गटातील संयुगेही पटलातील स्टेरॉलांनाच चिकटतात. परंतु परिणाम निराळा होतो. यीस्टमध्ये ग्लुकानाची निर्मिती थांबण्याऐवजी भलत्याच ठिकाणी बेसुमार होऊ लागते व भित्तीची घडण बिघडते, असे २०१० मध्ये आढळले. भित्तीची निर्मिती थांबविणे हाच तिच्यावर आघात करण्याचा एकमेव मार्ग नाही, हे यावरून स्पष्ट झाले.

कोशिकेच्या अंतर्भागातील क्रिया : जास्पिस या स्पंजातील जास्पामाइड कोशिकेतील ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंशी बद्ध होऊन त्यांची नैसर्गिक जुळणी व विघटन बिघडवते. कँडिडावर ते प्रभावी आहे; परंतु ॲक्टिन मानवी कोशिकांतही जवळजवळ तसेच असल्याने ते औषध म्हणून निरुपयोगी ठरले. कोशिकांच्या अभ्यासात मात्र त्याचा वापर होतो. याउलट टर्बिनमायसीन हे संयुग आशादायक आहे. फ्लॉरिडाच्या किनाऱ्यालगतच्या एक्टीनॅसिडिया टर्बिनॅटा या कंचुकयुक्त प्राण्यात राहणाऱ्या मायक्रोमोनोस्पोरा प्रजातीच्या जीवाणूपासून ते मिळाले व २०२० मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. कवकातील सेक-१४ हे प्रथिन ते निकामी करते. या प्रथिनावर कोशिकेतील लहान पुटिकांची ने-आण अवलंबून असल्याने ती थांबते व भित्तीसाठी लागणारी द्रव्ये पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाहीत. औषधांना न जुमानणाऱ्या कँडिडा ऑरिस व ॲस्परजिलस फ्यूमिगेटस यांची बाधा झालेल्या उंदरांत त्याने संसर्ग कमी केला आणि उपयुक्त मात्रेत विषारी परिणाम दिसले नाहीत.

मर्यादा : रक्त, फुप्फुसे इ. ठिकाणच्या कवकसंसर्गावर देण्याजोगे कोणतेही सागरी संयुग अद्याप प्रचारात आलेले नाही. विषारीपणाखेरीज पुरवठा ही मोठी अडचण आहे. स्पंजात अशी संयुगे अत्यल्प असतात व त्यांसाठी समुद्रतळ ओरबाडणे इष्ट नाही. शिवाय रेणू मोठे व गुंतागुंतीचे असल्याने त्यांचे संश्लेषण खर्चिक पडते. मात्र थिओनेलातील अनेक संयुगे वस्तुतः त्यातील एंटोथिओनेला या सहजीवी जीवाणूत तयार होतात, असे २०१४ मध्ये दिसून आले. असे जीवाणू प्रयोगशाळेत वाढविता आल्यास, किंवा त्यांची जनुके सुलभपणे वाढणाऱ्या जीवाणूंत घालता आल्यास प्राण्यांची तोड टळेल. टर्बिनमायसीन निर्माण करणारा जीवाणू प्रयोगशाळेत वाढतो, हा त्याचा मोठा फायदा होय. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही सागरी जीवांतील जैव दृष्ट्या क्रियाशील द्रव्यांचा अभ्यास होतो. कवकाला मारणारे संयुग समुद्रात सापडणे दुर्मिळ नाही. कवक आणि मनुष्य यांत भेद करणारे संयुग सापडणे हेच या संशोधनाचे खरे उद्दिष्ट आहे.