जिच्यामुळे सत्ता गेली, तीच तोफ कारगिलमध्ये कामी आली! बोफोर्सची गोष्ट नेमकी काय?

'बोफोर्स' म्हटलं की आपल्याला आधी आठवतो तो घोटाळा. पण १९९९ साली द्रासमध्ये असलेल्या जवानाला विचारलं, तर तो वेगळीच गोष्ट सांगेल. एकाच तोफेची अशी दोन टोकं कशी? चला, समजून घेऊया.

ही तोफ आली कुठून?

बोफोर्स ही स्वीडनची कंपनी आणि तोफेचं खरं नाव एफएच-७७बी. मार्च १९८६ मध्ये भारताने अशा सुमारे ४०० तोफांचा करार केला. किंमत होती १,४३७ कोटी रुपये.

ही १५५ मिलिमीटरची हॉवित्झर. म्हणजे गोळ्याचा व्यास साधारण साडेपंधरा सेंटीमीटर आणि वजन ४० किलोंच्या वर. साधी तोफ गोळा बऱ्यापैकी सरळ फेकते, तर हॉवित्झर तो उंच उडवून डोंगरापलीकडेही टाकू शकते.

तिची खासियत दोन गोष्टींत होती. पहिली, १५ सेकंदांच्या आत तीन गोळे. दुसरी, तिला स्वतःचं इंजिन आहे. त्यामुळे ट्रक न जोडताही ती थोडं अंतर स्वतः चालते. याचा फायदा काय? शत्रूचं रडार येणाऱ्या गोळ्याचा मार्ग बघून तोफ कुठे आहे ते शोधतं आणि मग तिथेच मारा होतो. त्यामुळे गोळे टाकायचे आणि लगेच जागा सोडायची, हाच जीव वाचवण्याचा मार्ग.

मग घोटाळा काय होता?

१६ एप्रिल १९८७ ला स्वीडिश रेडिओने बातमी दिली की, हा करार मिळवण्यासाठी लाच दिली गेली. ६४ कोटींचा आकडा देशभर गाजला. १९८४ मध्ये ४०० च्या वर जागा जिंकणारी काँग्रेस १९८९ मध्ये १९७ वर आली आणि राजीव गांधींची सत्ता गेली. पुढे २००४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने राजीव गांधींवरचे लाचेचे आरोप रद्द केले. तोवर त्यांच्या निधनाला १३ वर्षं होत आली होती.

या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. करारानुसार ही तोफ भारतातच बनणार होती, ते काम थांबलं. सुटे भाग मिळेनात. काही तोफा मोडून त्यांचे भाग दुसऱ्या तोफांना बसवायची वेळ आली.

आणि मग आलं कारगिल

१९९९ च्या उन्हाळ्यात घुसखोर शिखरांवर बसले होते आणि खाली श्रीनगर-लेह महामार्ग त्यांच्या माऱ्यात होता. आपल्या जवानांना उघड्या कड्यांवरून वर चढायचं होतं. वरून मशीनगन चालू असताना हे जवळपास अशक्यच.

इथे बोफोर्स कामी आली. पायदळासोबत तोफखान्याचा अधिकारी पुढे जायचा, शत्रूचे बंकर हेरायचा आणि वायरलेसवरून गोळे कुठे पडायला हवेत ते सांगायचा. जवान चढत असताना वरच्या शत्रूला डोकं वर काढू द्यायचं नाही, हे तोफांचं काम. उंचावर हवा विरळ असल्याने गोळे एरवीपेक्षा लांब जात होते, त्यामुळे नेमही नव्याने बसवावा लागला. काही ठिकाणी तर तोफा पुढे आणून समोर दिसणाऱ्या बंकरवर थेट मारा केला गेला.

१३ जूनला तोलोलिंग आणि ४ जुलैला टायगर हिल ताब्यात आलं. संपूर्ण युद्धात भारतीय तोफखान्याने सुमारे अडीच लाख गोळे, रॉकेट आणि बॉम्ब डागले. अर्थात, शिखरं जिंकली ती पायदळानेच. ५२७ जवान शहीद झाले. तोफा नसत्या, तर हा आकडा कितीतरी मोठा असता.

२०२२ मध्ये द्रासच्या पॉइंट ५१४० या शिखराला 'गन हिल' असं नाव देण्यात आलं, ते तोफखान्याच्या याच कामगिरीसाठी.

घोटाळ्याची खरी किंमत

बोफोर्सनंतर तोफ खरेदीच्या फाईलला हात लावायला कुणी धजेना. पुढची नवी मोठी तोफ लष्करात यायला तीस वर्षं गेली. ९ नोव्हेंबर २०१८ ला आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत के-९ वज्र आणि एम-७७७ तोफा लष्करात दाखल झाल्या. २०१९ मध्ये जबलपूरची 'धनुष' आली, जी बोफोर्सच्याच जुन्या आराखड्यांवरून विकसित झाली. आणि मार्च २०२५ मध्ये ३०७ स्वदेशी 'एटॅग्स' तोफांचा करार झाला, त्यातला मोठा वाटा पुण्याच्या भारत फोर्जकडे आहे.

म्हणजे जे आराखडे ऐंशीच्या दशकात हातात आले होते, त्यातून तोफ बनायला २०१९ उजाडलं. व्यवहारात काळंबेरं असेल तर चौकशी व्हायलाच हवी. पण तोफ चांगली आहे का, हा प्रश्न वेगळा आणि पैसे कुणी खाल्ले, हा वेगळा. आपण दोन्ही एकत्र केले आणि त्याची किंमत सीमेवरच्या जवानाने मोजली.