फेऱ्यांचा हिशेब

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या माथ्यात फिरणारा, ठरावीक अंतरावर फुगवटे असलेला धातूचा दांडा. या फुगवट्यांना लोब म्हणतात. लोबचे टोक खाली आले की व्हॉल्व्ह उघडतो आणि ते पुढे सरकले की स्प्रिंग त्याला पुन्हा बसवते. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची एक फेरी होत असली, तरी व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो हे क्रँकच्याच अंशांत सांगण्याचा प्रघात आहे. या मापाला कालावधी म्हणतात, आणि व्हॉल्व्ह आपल्या बैठकीपासून जितके मिलिमीटर दूर जातो त्याला उचल म्हणतात. इंजिनाची शक्ती वाढवू पाहणारा हौशी माणूस बाजारातून नवे कॅम आणतो, तेव्हा तो मुख्यतः हे दोन आकडे विकत घेत असतो; ते आपल्या गाडीला मानवतील का, हा प्रश्न मात्र पुष्कळदा पैसे मोजून झाल्यावर पुढे येतो.

टोयोटाचे 4ए-जीई हे 1587 घनसेंटिमीटरचे, दोन कॅमशाफ्ट आणि सोळा व्हॉल्व्ह असलेले इंजिन या प्रश्नाच्या अभ्यासासाठी सोयीचे आहे. 1983 मध्ये कोरोला लेविन आणि स्प्रिंटर ट्रुएनो या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत ते बसवले गेले. ‘एई86’ या सांकेतिक नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गाड्या जपानमधल्या घाटरस्त्यांवर आणि शर्यतींत इतक्या रुळल्या, की या इंजिनासाठी 256 अंशांपासून 304 अंशांपर्यंतचे कॅम आजही मिळतात. मूळ कॅमचा कालावधी 240 अंशांचा होता आणि जपानी बाजारात सुरुवातीला जाहीर झालेली शक्ती मिनिटाला 6600 फेऱ्यांवर 130 पीएस होती.

कालावधी वाढवल्याने काय साधते, ते वेळेच्या हिशेबातून समजते. मिनिटाला 3000 फेऱ्या होत असताना 240 अंश फिरायला क्रँकला सुमारे 13.3 मिलिसेकंद लागतात, तर 6000 फेऱ्यांवर 6.7 मिलिसेकंदच मिळतात. सिलिंडर भरायला हवेला निम्मा वेळ उरतो. अशा वेळी पिस्टन तळाला जाऊन परत वर निघाल्यावरही हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह उघडा ठेवला, तर नळीतून वेगाने येणारी हवा केवळ आपल्या गतीच्या जोरावर आत शिरत राहते. संथ फेऱ्यांवर मात्र हवेला ती गती नसते आणि पिस्टन तीच हवा आल्या वाटेने परत ढकलतो. वरच्या फेऱ्यांवरचा लाभ आणि खालच्या फेऱ्यांवरचा तोटा एकाच कारणातून निघतात, त्यामुळे दुसऱ्याशिवाय पहिला पदरात पडत नाही.

तिसरी गोष्ट ओव्हरलॅपची, म्हणजे जळालेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता मिटण्याआधी इनटेक व्हॉल्व्ह उघडू लागतो त्या अवधीची. दोन्ही कॅमचा कालावधी सारखा असेल आणि त्यांची कमाल उचल पिस्टनच्या सर्वोच्च स्थानापासून दोन्ही बाजूंना 110 अंशांवर येत असेल, तर कालावधीतून 220 वजा केले की ओव्हरलॅप मिळतो. तो 240 अंशांच्या कॅमला 20, 272 च्या कॅमला 52 आणि 304 च्या कॅमला तब्बल 84 अंश येतो. एवढ्या ओव्हरलॅपवर आयडलिंगला जळालेला वायू इनटेकमध्ये उलटतो, इंजिन अडखळत गुरगुरते, मॅनिफोल्डमधली निर्वात स्थिती ढिली पडते आणि त्या निर्वातावर चालणारा ब्रेकचा बूस्टर दुबळा होतो. या गुरगुरण्यावरच अनेकांचा जीव जडतो, आणि कॅम बदलण्याच्या किती निर्णयांमागे निव्वळ हा आवाज असतो हे कोणताही ट्यूनिंगवाला हसून सांगेल. शिवाय कालावधी कितव्या उचलीपासून मोजायचा याबाबत उत्पादकांमध्ये एकवाक्यता नाही. कोणी व्हॉल्व्ह जरासा हलल्यापासून मोजतो, तर कोणी एक मिलिमीटर उचलीपासून; त्यामुळे दोन कॅटलॉगांतले 272 हे आकडे एकाच कॅमचे असतील असे मुळीच नाही.

शक्ती म्हणजे टॉर्क आणि फेऱ्या यांचा गुणाकार असतो. 6600 फेऱ्यांवर 130 पीएस म्हणजे साधारण 138 न्यूटन-मीटर टॉर्क. नव्या कॅमने तोच टॉर्क 7600 फेऱ्यांपर्यंत टिकवला, तर टॉर्क तसूभर न वाढताही शक्ती सुमारे 149 पीएस होते. हे गणित खरे असले, तरी गाडी त्या फेऱ्यांवर किती वेळ राहणार, याचे उत्तर गिअरबॉक्सकडे असते. एई86 च्या गिअरबॉक्सची गुणोत्तरे पहिल्यापासून चौथ्यापर्यंत 3.587, 2.022, 1.384 आणि 1.000 अशी आहेत. 7500 फेऱ्यांवर गिअर बदलला, तर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन सुमारे 5130 वर उतरते आणि तिसऱ्यातून चौथ्यात जाताना 5420 वर. पहिल्यातून दुसऱ्यात मात्र ते थेट 4230 पर्यंत घसरते. म्हणजे वाहत्या शर्यतीत 5000 च्या खालचा टॉर्क गमावला तरी फारसे बिघडत नाही, पण तीव्र वळणातून दुसऱ्या गिअरमध्ये निघताना तो गमावल्याचे लगेच जाणवते. आणि ज्या गाडीचा दिवस शहरातल्या सिग्नलांमध्ये 2000 ते 3500 फेऱ्यांवर जातो, तिच्यात 288 अंशांचा कॅम बसवणे म्हणजे पैसे देऊन गाडी मंद करून घेणे होय.

कॅमच्या पाठोपाठ येणारा खर्च कॅमपेक्षा जड असतो. या इंजिनात टॅपेटच्या, म्हणजे लोब आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या वाटीच्या, डोक्यावर नाण्यासारखी एक चकती, म्हणजे शिम, बसवून व्हॉल्व्हची फट जुळवलेली असते. उंच उचलीचा लोब चढ्या फेऱ्यांवर ही चकती जागेवरून उडवू शकतो, म्हणून मोठ्या कॅमबरोबर शिम टॅपेटच्या खाली बसेल अशी रचना करून घ्यावी लागते. जुन्या स्प्रिंगा व्हॉल्व्हला वेळेवर परत आणू शकत नाहीत, त्यामुळे त्या बदलणे आले. इनटेक उशिरा मिटल्याने हवा कमी दाबली जाते, म्हणून मूळचे 9.4 चे कॉम्प्रेशन वाढवणे आले. आणि बदललेल्या श्वासाला जुळेल असे पेट्रोल देण्यासाठी ईसीयूचे, म्हणजे इंजिनाच्या नियंत्रक संगणकाचे, नवे ट्यूनिंगही आले.

यानंतरचे काम सावकाश हाताचे आहे. क्रँकच्या टोकाला अंशांच्या खुणांची चकती लावतात, टॅपेटवर डायल गेजची सुई टेकवतात आणि स्पार्क प्लग काढून इंजिन पान्ह्याने हळूहळू फिरवतात. कमाल उचलीपाशी सुई बराच वेळ जवळजवळ स्थिर दिसते, म्हणून थेट त्या बिंदूवर विश्वास ठेवला जात नाही. उचल कमालीपेक्षा एक मिलिमीटर कमी असतानाचे चढतीचे आणि उतरतीचे असे दोन अंश टिपून त्यांचा मध्य काढतात. समजा 84 आणि 136 असे आकडे आले, तर मध्य 110 होतो. कॅमसोबतच्या कार्डावर 106 छापले असेल, तर कॅम क्रँकच्या मापाने चार अंश मागे आहे, आणि सरकत्या खाचांच्या पुलीवर तो दोनच अंश पुढे घ्यावा लागतो, कारण कॅम अर्ध्या गतीने फिरतो. हेड घासलेले असेल तर हा फरक हमखास निघतो. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट पाहण्यासाठी पिस्टनवर मऊ मातीची गोळी ठेवून इंजिन दोन फेऱ्या फिरवतात आणि उमटलेला ठसा कापून त्याची जाडी मोजतात. इनटेकला ती दोन मिलिमीटरच्या आसपास तरी असावी, एक्झॉस्टला थोडी अधिक, कारण तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लांबतो.

वरच्या फेऱ्यांवर लाभ आणि खालच्या फेऱ्यांवर तोटा या पेचावर मोटार कंपन्यांनी काढलेला तोडगा वेगळा होता. होंडाने 1989 मध्ये इंटेग्रात आणलेल्या 1.6 लिटरच्या व्हीटेक इंजिनात एकाच कॅमशाफ्टवर संथ आणि चढ्या फेऱ्यांसाठी निरनिराळे लोब दिले आणि 160 पीएस मिळवले. अशा इंजिनाला बाहेरचा कॅम लावताना मूळच्या या तडजोडीवर मात करायची असते, आणि ते दिसते तितके सोपे नाही. भारतात मोटार वाहन अधिनियम 1988 चे वाहनातील फेरफारांविषयीचे कलम 52 आणि प्रदूषण तपासणी यांचाही विचार करावा लागतो, कारण वाढलेल्या ओव्हरलॅपमुळे न जळलेले पेट्रोल धुराड्यातून बाहेर पडते.

म्हणून रस्त्यावरच्या एई86 ला 256 किंवा फार तर 264 अंशांवर थांबणे इष्ट, आणि 288 च्या पुढचा विचार फक्त सर्किटसाठी राखून ठेवलेल्या गाडीनेच करावा. ज्यांना केवळ अधिक चपळपणा हवा आहे, त्यांनी आधी फायनल ड्राइव्ह, म्हणजे गिअरबॉक्स आणि चाके यांच्यामधली शेवटची गिअरजोडी, पाहावा. मूळच्या 4.3 ऐवजी 4.7 च्या जवळपासचे गुणोत्तर बसवले, की त्याच गिअरमध्ये चाकांना सुमारे 9 टक्के अधिक टॉर्क मिळतो आणि आयडलिंग होते तसेच राहते. हायवेवर मात्र त्याच वेगाला इंजिन तितक्याच प्रमाणात अधिक फिरते, आणि पेट्रोलही त्या मानाने जाते.