मनीऑर्डरवर जगलेली घरे

"मुंबईची मनीऑर्डर आली का?" हा प्रश्न कोकणातल्या आपल्या वस्त्यांत दोन-तीन पिढ्यांनी ऐकला. शेत होते, पण बहुतेक ठिकाणी खोताचे. पिकल्या भातातला मोठा वाटा त्याच्या कणगीत जाई, वर वेठ वेगळी. घरात रोख पैसा दिसे तो गिरणी, गोदी, रेल्वे नाहीतर पलटणीतून आलेला. या पैशाने आपल्या घरांचे काय केले, याचा हिशेब आपण घरात बसून क्वचितच मांडतो. आम्ही पेशाने कारकून, म्हणून हा प्रयत्न.

जमेची बाजू मोठी आहे. हाती चार पैसे असले की खोताच्या पायरीशी जावे लागत नाही, मेलेले ढोर ओढायला नाही म्हणण्याचे बळ येते, पोरगा गुरांमागे न जाता शाळेत जातो. बाबासाहेबांचे वडील पलटणीत होते आणि पलटणीत शाळा होती, हे आपण जाणतोच. खोती रद्द करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा मुंबईत निघाला. गिरणीतला कामगार आणि गावातले कूळ ही पुष्कळदा एकाच घरातली दोन माणसे होती. कायदा व्हायला मात्र १९४९ साल उजाडले.

गिरणीतही सगळे सुखाचे नव्हते. साळखात्यात पगार जास्त, पण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून आपल्या माणसांना तिथे मज्जाव. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. कोकणी माणसाबरोबर जातही बोटीत बसून मुंबईला आली होती!

आता खर्चाची बाजू. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या, २०११ साली ११२२. हे आकडे वाचून कोणी हुरळून जाऊ नये. पुरुष पोटासाठी बाहेर, आणि लावणी, कापणी, गुरे, म्हातारी माणसे बायकांच्या माथी, असा त्यांचा अर्थ आहे.

आमच्या आजीने मनीऑर्डरच्या कुपनांची चळत पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. कुपनावर आजोबांच्या दोन ओळी, "भात विकू नये, बैलाचे मी आल्यावर बघू." पैसे आजी अंगठा देऊन घेई, बैलाचे ठरवणार आजोबा. पुढे आईच्या वेळी अंगठ्याच्या जागी सही आली, कारण ती चौथी शिकलेली. कोंबड्या विकणे, दुकानदाराशी घासाघीस, पोरांची फी हे सारे ती परस्पर उरकी.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. वडील गावी परतले. बारा महिने घरात पुरुष असण्याची सवयच नव्हती, असे आई आज हसत सांगते, पण तेव्हा ते हसण्यासारखे नव्हते. वडिलांना नांगर धरता येईना आणि घरात आपले वजन कमी झाले हे सोसवेना. काल जी बाई घर चालवत होती तिला आता मिठामिरचीचाही हिशेब द्यावा लागू लागला. त्या साली ताईची शाळा सातवीतच सुटली. ती आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी वाहायला गेली. आम्ही त्या वेळी दोन वर्षांचे. आमचे बी.कॉम. ताईच्या त्या सातवीवर उभे आहे, आणि ताईने ते कधी बोलून दाखवले नाही, हे आम्हाला अधिक लागते.

ताईची मुलगी आता औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कामाला जाते. सकाळी सहाची गाडी, ठेकेदाराकडची नोकरी. पगार बँकेत तिच्या नावावर जमा होतो. पासबुक तिचे, पण एटीएम कार्ड भावोजींच्या खिशात! आजीच्या अंगठ्यापासून आम्ही नेमके किती पुढे आलो, हा प्रश्न तेव्हा आम्हाला पडला. शिवाय कमावती पोर म्हणून तिचे लग्न लांबवायचे, अशीही कुजबुज घरात होती.

गेल्या वर्षावासात ताईने कार्ड मागितले. भावोजी चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आम्ही मध्ये पडलो, तर "तुम्ही मुंबईकर, तुम्हाला काय कळते" असे ऐकून घेतले. पाचव्या दिवशी कार्ड ताकावर, तांदळाच्या डब्याशेजारी ठेवलेले सापडले. आता ते भाचीच्या पर्समध्ये असते. घरखर्चाला ती ठरलेली रक्कम आईच्या हातात देते, आणि सुट्टीच्या दिवशी संगणकाच्या वर्गाला जाते. फी तिची तीच भरते.