मुलाखतींतील उत्तराची बांधणी

लेखी परीक्षेंत प्रश्न डोळ्यांपुढें असतो, विचार करावयास वेळ मिळतो आणि लिहिलेलें खोडतांहि येतें. मुलाखतींत यांपैकीं कांहींच नसतें. समोर तीन-चार अनोळखी माणसें बसलेलीं असतात, त्यांच्या हातीं पंधरा-वीस मिनिटें असतात, आणि हा उमेदवार आपल्या कामाचा आहे कीं नाहीं, हें त्यांना तेवढ्या वेळांत ठरवावयाचें असतें. त्यामुळें मुलाखत म्हणजे नशिबाचा खेळ, ज्याची जीभ चालते तो तरतो आणि जो भिडस्त तो बुडतो, अशी समजूत पुष्कळ घरांत रूढ आहे. ही समजूत सर्वस्वी खोटी नाहीं. परंतु उत्तराची बांधणी शिकतां येते, आणि ती शिकल्यानें भिडस्त माणसाचाच अधिक लाभ होतो, ही गोष्ट पुरेशी लक्षांत घेतली जात नाहीं.

भिवंडीसारख्या शहरांत हा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा आहे. कामवारी नदीच्या कांठचें हें शहर यंत्रमागांसाठीं देशभर प्रसिद्ध आहे. १९८२ सालीं मुंबईच्या कापडगिरण्यांत संप झाला, तेव्हां गिरण्यांचें पुष्कळसें काम येथील मागांकडे वळलें. पुढें मुंबई-नाशिक रस्त्याच्या आसपास माणकोली, काल्हेर, पूर्णा अशा गांवांतून गोदामें उभीं राहिलीं, आणि १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर लागू झाल्यावर त्यांचा विस्तार अधिकच झपाट्यानें झाला. येथील तरुण-तरुणी पदवी घेऊन बँका, विमा कंपन्या, मालवाहतुकीच्या कंपन्या यांच्या मुलाखतींसाठीं ठाण्या-मुंबईस जातात. कांहीं जण पवईच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेसारख्या ठिकाणीं प्रवेश मिळावा म्हणूनहि उभे राहतात. यांपैकीं कित्येकांच्या घरांत पूर्वीं कोणीं मुलाखत दिलेली नसते. वडिलांना काम मिळालेलें असतें तें ओळखीनें किंवा एखाद्या जॉबरच्या शब्दावर. “अनुभव काय?” असें विचारल्यावर हे तरुण “कांहीं नाहीं” असें सांगून मोकळे होतात, आणि खरी हानि येथेंच होते. अनुभव त्यांच्यापाशीं असतो. तो सांगावा कसा, हें मात्र त्यांना कोणीं सांगितलेलें नसतें.

परीक्षक अनुभवाचा प्रसंग कां विचारतात, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या हवाई दलापुढें योग्य वैमानिक निवडण्याचा बिकट प्रश्न होता. केवळ मोघम गुणवर्णनांवरून निवड होणें शक्य नव्हतें. तेव्हां मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन व त्यांचे सहकारी यांनीं प्रत्यक्ष प्रसंगच गोळा करण्यास आरंभ केला. अमुक वेळीं काय घडलें, त्या माणसानें नेमकें काय केलें आणि त्याचा परिणाम काय झाला, एवढेंच ते टिपून घेत. या कामांतून निघालेली पद्धति फ्लॅनगन यांनीं १९५४ सालीं प्रसिद्ध केली. पुढें १९७४ सालीं डेव्हलपमेंट डायमेन्शन्स इंटरनॅशनल या अमेरिकन संस्थेनें मुलाखतीच्या उत्तरासाठीं चार पायऱ्या ठरविल्या : प्रसंग, जबाबदारी, कृति आणि परिणाम. या चार शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘स्टार’ पद्धति असें नांव पडलें, आणि आज नोकरीच्या व व्यवस्थापन-शिक्षणाच्या मुलाखतींत तीच सर्वांत अधिक चालते.

या चार पायऱ्यांचा अर्थ एका उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, माणकोलीच्या एका गोदामांत संध्याकाळच्या पाळीवर काम करणारा वाणिज्य शाखेचा पदवीधर मुलाखतीस गेला आहे, आणि “एखादी अडचण तुम्हीं कशी सोडविली?” असा प्रश्न त्याला विचारला आहे. तो म्हणतो, “मी मेहनती आहे. सर्वांशीं मिळूनमिसळून वागतों. अडचण आली तरी घाबरत नाहीं.” या तीन वाक्यांत खोटें कांहीं नसेल, पण परीक्षकाच्या कागदावर टिपण्याजोगें त्यांत काय आहे? हींच वाक्यें बाहेर बसलेले दहाहि उमेदवार म्हणूं शकतील.

आतां त्याच तरुणाचें दुसरें उत्तर पाहावें. “दिवाळीच्या सुमारास आमच्या गोदामांत गिऱ्हाइकांनीं परत केलेला माल रोज २०० नग येत होता आणि नोंद १५० नगांचीच होत होती. शिल्लक ५०० नगांवर गेली. नोंदीचें काम माझ्याकडे होतें. मीं तीन दिवस कोणत्या कामास किती वेळ लागतो याचें टांचण ठेवलें. फुटका आणि धड माल एकाच मेजावर निवडण्यांत बहुतेक वेळ जातो, असें दिसलें. पर्यवेक्षकांची परवानगी घेऊन मीं माल उतरतांनाच दोन रंगांच्या चिठ्ठ्या लावण्याची पद्धति सुरू केली. आठवड्याभरांत रोजची नोंद २३० नगांवर गेली. साचलेला माल उरकावयास मात्र अडीच आठवडे लागले.”

हें उत्तर सांगावयास एक मिनिटहि पुरे आहे. पहिल्या दोन-तीन वाक्यांत प्रसंग आला, एका वाक्यांत जबाबदारी आली, त्यानंतर कृति आली आणि शेवटीं परिणाम आला. यांत ‘मेहनती’ हा शब्द एकदांहि आलेला नाहीं. तो परीक्षकाच्या मनांत आपोआप येतो. सर्वांत अधिक जागा कृतीला मिळाली आहे, हेंहि लक्षांत घेण्यासारखें आहे. बहुतेक उमेदवार प्रसंगाचें वर्णन करण्यांतच वेळ घालवितात. गोदाम केवढें होतें, मालक कोण होते, गर्दी किती होती हें सांगतां सांगतां घंटा वाजते. वस्तुतः परीक्षकाला गोदाम निवडावयाचें नसतें, माणूस निवडावयाचा असतो. तसेंच शेवटचें वाक्यहि महत्त्वाचें आहे. शिल्लक संपण्यास वेळ लागला, हें उमेदवारानें लपविलें नाहीं, आणि त्यामुळेंच आधीच्या आंकड्यांवर विश्वास बसतो.

दुसरें उदाहरण एखाद्या माग चालविणाऱ्या घरांतील मुलीचें घेतां येईल. घरच्या कारखान्यांतील हजेरी आणि उतरलेल्या ताग्यांची वही ती शाळेंत असल्यापासून लिहीत असेल. परंतु याला घरचें काम म्हणतात, अनुभव म्हणत नाहींत, अशी तिची समजूत असते. समजा, एकदां व्यापाऱ्यानें कांहीं तागे सदोष म्हणून परत पाठविले. ते कोणत्या मागावरून उतरले हें कळावयास मार्ग नव्हता, म्हणून तिनें प्रत्येक ताग्यावर मागाचा क्रमांक घालण्याचें सुचविलें. विणकरांनीं त्यास विरोध केला. कारण क्रमांकावरून आपली मजुरी कापली जाईल, अशी त्यांना भीति वाटली. तेव्हां तिनें वडिलांकडून असें कबूल करून घेतलें कीं, क्रमांकाचा उपयोग केवळ माग दुरुस्त करण्यासाठीं होईल, मजुरी कापण्यासाठीं होणार नाहीं. त्यानंतर क्रमांक पडूं लागले, आणि दोष एकाच मागाच्या धोट्यांत आहे असें आढळलें. व्यवस्थापनाच्या शिक्षणसंस्थेंत “मतभेद कसा मिटविला?” असें विचारतात, तेव्हां यापेक्षां अधिक सरस उत्तर एखाद्या मोठ्या कंपनींतील उमेदवारापाशींहि क्वचितच असेल. पण हा प्रसंग आपण होऊन तिच्या तोंडीं येणार नाहीं. तो आधीं शोधून, निवडून, मांडून ठेवावा लागतो.

याच ठिकाणीं मराठी घरांतील संस्कार आडवा येतो. स्वतःची स्तुति करूं नये, असें लहानपणापासून शिकविलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु त्यामुळें मुलाखतींत “आम्हीं केलें, आमच्याकडे झालें” अशीच भाषा निघते, आणि उमेदवाराचा स्वतःचा वांटा किती होता हें शेवटपर्यंत कळत नाहीं. “मीं टांचण ठेवलें” हें वाक्य आत्मस्तुति नव्हे, तो हिशेब आहे. उलट, दुसऱ्याचें काम आपल्या नांवावर सांगणें ही मात्र लबाडी होय. जेथें काम सर्वांनीं मिळून केलें तेथें ‘आम्हीं’ म्हणावें, आणि त्यांतील जो भाग स्वतः उचलला तेथें निःसंकोचपणें ‘मीं’ म्हणावें.

अपयशाचा प्रश्न तर जवळजवळ प्रत्येक मुलाखतींत निघतो. त्यावर “माझा दोष एवढाच कीं, मी अति कष्ट करतों,” असें साळसूद उत्तर देणारे पुष्कळ असतात. परीक्षकांनीं तें शेंकडों वेळां ऐकलेलें असतें. खरी चूक, तिची स्वतःकडे असलेली जबाबदारी, ती निस्तरण्यासाठीं केलेला प्रयत्न आणि त्यानंतर बदललेली एखादी संवय, या क्रमानें सांगितलेलें छोटेंसें अपयश अधिक वजनदार ठरतें.

व्यवस्थापन-शिक्षणासाठीं जाणाऱ्यास आणखी एका प्रश्नाची तयारी ठेवावी लागते : हें शिक्षण कां हवें? येथें चार पायऱ्यांऐवजीं तीन पुरेशा आहेत. आजवर काय केलें, तें करतांना कोणती उणीव जाणवली, आणि ती भरून निघाल्यावर काय करावयाचें आहे. घरचे माग चालवितांना सुताचा भाव चढला-उतरला कीं सारा नफा कसा बुडतो हें ज्यानें पाहिलें आहे, त्यानें अर्थव्यवहार शिकण्याचें कारण दुसरीकडे शोधण्याची गरज नाहीं. पगार वाढावा ही इच्छाहि गैर नाहीं. पण उत्तरांत केवळ तेवढीच असेल, तर तें उत्तर कोणत्याहि संस्थेला आणि कोणत्याहि उमेदवाराला सारखेंच लागू पडतें.

अशा बांधीव प्रश्नोत्तरांमुळें मुलाखत निर्जीव होते, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचें उत्तर संशोधनांत सांपडतें. मुलाखतींतील गुण आणि पुढें प्रत्यक्ष केलेलें काम यांचा संबंध शून्य ते एक अशा मापानें मोजतात. श्मिट व हंटर यांनीं १९९८ सालीं केलेल्या पाहणींत हें माप बांधीव मुलाखतीसाठीं ०.५१ आणि मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीसाठीं ०.३८ आलें. सॅकेट व त्यांचे सहकारी यांनीं २०२२ सालीं हाच हिशेब अधिक कांटेकोरपणें पुन्हां केला, तेव्हां आंकडे अनुक्रमें ०.४२ व ०.१९ असे निघाले. कोणतेंहि माप एकाच्या जवळ जात नाहीं, म्हणजे मुलाखत ही अपुरी कसोटी आहे हें खरें. पण सर्वांना तेच प्रश्न विचारून ठराविक कसोटीवर गुण दिले, तर ती निदान अधिक विश्वसनीय होते.

मोकळ्या मुलाखतीनें अन्याय कसा होतो, याचें एक उदाहरण आपल्या देशांतहि घडलें आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रवेशाच्या १५० गुणांपैकीं ५० गुण तोंडी परीक्षेस होते, आणि ती दोन-तीन मिनिटांतच उरकली जात असे. तक्रार अशी होती कीं, त्या वेळांत वडील कोण, राहणें कोठें, असलेच प्रश्न विचारले गेले. सर्वोच्च न्यायालयानें अजय हासिया यांच्या खटल्यांत १९८० सालीं असा निर्णय दिला कीं, अशा तोंडी परीक्षेस शेंकडा १५ हून अधिक गुण ठेवणें मनमानीचें ठरेल. पुढें केंद्र सरकारनें १ जानेवारी २०१६ पासून आपल्या खालच्या श्रेणींतील नोकऱ्यांसाठीं मुलाखतच बंद केली. ज्याच्या वडिलांचें नांव कोणाला ठाऊक नाहीं, अशा उमेदवाराचें हित कशांत आहे, तें यावरून उघड होतें. प्रश्न जितका वंशाकडून कामाकडे वळेल, तितकी त्याची बाजू भक्कम होते. आणि परीक्षकानें तो वळविला नाहीं, तरी उत्तराच्या बांधणीनें तो कांहीं अंशीं वळवितां येतो.

तयारीची रीति साधी आहे. एक वही घ्यावी आणि गेल्या तीन-चार वर्षांतील आठ प्रसंग आठवून लिहावे : एक अडचणीचा, एक मतभेदाचा, एक अपयशाचा, एक पुढाकाराचा, एक अपुऱ्या वेळेचा, आणि उरलेले मनास येतील ते. प्रत्येकाखालीं चार ओळींत चार पायऱ्या मांडाव्या. जेथें आंकडा आठवत असेल तेथें तो लिहावा. नसेल तेथें रचूं नये. रचलेला आंकडा “हें कसें मोजलें?” या एकाच प्रश्नानें उघडा पडतो, आणि मग खऱ्या गोष्टींवरहि विश्वास उरत नाहीं. हें टिपण प्रथम घरच्या भाषेंत करावें, मग ती मराठी असो वा उर्दू. विचाराचा क्रम पक्का झाला कीं मुलाखतीच्या भाषेंत तेंच सांगण्याचा सराव करावा. इंग्रजी वाक्यें पाठ करणाऱ्याचा एक शब्द निसटला कीं सारें उत्तर कोसळतें. ज्याला क्रम पाठ आहे, तो साध्या शब्दांनींहि शेवटापर्यंत पोंचतो. उत्तर मोठ्यानें बोलून पाहावें आणि दीड-दोन मिनिटांत संपवावें.

या कामीं घरांतील वडील मंडळींचा मोठा उपयोग होतो, आणि त्यासाठीं त्यांना इंग्रजी येण्याची किंवा मुलाखतीची माहिती असण्याची आवश्यकता नाहीं. मुलगा अथवा मुलगी उत्तर सांगत असतां आईनें किंवा आजोबांनीं एवढेंच विचारावें : “मग तूं काय केलेंस?” आणि त्यानंतर, “पुढें काय झालें?” या दोन प्रश्नांचें सरळ उत्तर जो घरच्या ओसरीवर देऊं शकतो, त्याला परक्यांच्या मेजापुढें मुळींच भय वाटणार नाहीं असें नव्हे, परंतु भय वाटत असतांहि तो बोलूं शकेल, आणि जें बोलेल तें त्याचें स्वतःचें असेल.