अफगाण चर्च

अफगाण चर्च हे मुंबईच्या दक्षिण टोकाला कुलाबा येथे असलेले ख्रिस्ती प्रार्थनामंदिर आहे. 'सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट चर्च' हे त्याचे अधिकृत नाव होय. पहिले इंग्रज-अफगाण युद्ध (१८३८–१८४२) व सिंधची मोहीम यांत मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ते उभारण्यात आले. मध्ययुगीन इंग्लंडमधील ग्रामीण चर्चच्या धर्तीवर केलेली रचना हे त्याचे वैशिष्ट्य आहे.

पार्श्वभूमी

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गावोगावी दगडी चर्च असत. १५३४ मध्ये आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडल्यानंतर ही जुनी कॅथलिक प्रार्थनामंदिरे अँग्लिकन पंथाकडे आली. १८३९ मध्ये केंब्रिज येथे स्थापन झालेल्या कॅम्डेन सोसायटीने नवी चर्चही मध्ययुगीन गॉथिक शैलीतच बांधावीत, असा आग्रह धरला. या विचाराचा प्रभाव मुंबईपर्यंत पोहोचला.

इतिहास

जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना सुमारे ४,५०० सैनिक व १२,००० अनुयायी यांचा तांडा थंडी, उपासमार व हल्ले यांमुळे जवळजवळ नष्ट झाला. युद्धातील मृतांचे स्मारक म्हणून कुलाब्याच्या लष्करी वस्तीत चर्च बांधण्याचे ठरले. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा आराखडा खर्चिक ठरल्याने हेन्री कॉनीबेअर यांचा आराखडा स्वीकारण्यात आला. गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते ४ डिसेंबर १८४७ रोजी पायाभरणी झाली, तर ७ जानेवारी १८५८ रोजी बिशप हार्डिंग यांनी वास्तूचे पवित्रीकरण केले. निमुळत्या शिखराचे काम १८६५ मध्ये पूर्ण झाले. स्कॉट यांच्या आराखड्यानुसार पुढे मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह व राजाबाई मनोरा उभे राहिले.

वास्तुरचना

इमारत तेराव्या शतकातील 'अर्ली इंग्लिश' शैलीत असून बांधकामात स्थानिक पिवळसर बेसॉल्ट व चुनखडक वापरला आहे. मध्यभागी उंच दालन, दोन्ही बाजूंस कमानींनी विभागलेली बुटकी दालने व पूर्वेस वेदीचा भाग, ही मांडणी मध्ययुगीन इंग्रजी चर्चचीच आहे. कमानी टोकदार आहेत. टोकदार कमानीमुळे भार अधिक सरळ खाली उतरतो; म्हणून गोल कमानीपेक्षा तिला बाहेरून कमी आधार लागतो. पूर्व व पश्चिम खिडक्यांतील रंगीत काचचित्रे विल्यम वेल्स यांची आहेत. विल्यम बटरफील्ड यांनी रचलेल्या भौमितिक नक्षीच्या फरश्या इंग्लंडहून आणल्या होत्या. मनोरा शिखरासह सुमारे ६० मीटर उंच असून तो बंदरात येणाऱ्या जहाजांना दुरून दिसत असे.

स्मृतिलेख

वेदीच्या भागातील भिंतींवर मृत अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. कनिष्ठ हुद्देदार व साधे सैनिक यांची नावे मात्र तेथे नाहीत. त्यांची संख्या नोंदवता येणार नाही इतकी मोठी असल्याचे अर्पणलेख सांगतो. स्मारक सर्वांचे असले, तरी नावानिशी स्मरण अधिकाऱ्यांच्याच वाट्याला आले. वसाहतकालीन सैन्यातील दर्जाभेदाचा हा ठळक पुरावा ठरतो.

सद्यस्थिती

१९७० मध्ये अँग्लिकन व इतर काही प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. तेव्हापासून अफगाण चर्च त्याच्या मुंबई धर्मप्रांतात आहे.